उजव्या कोपऱ्यातली सविता

शाळेच्या मैदानात मुलींच्या कबड्डीचे चार संघ निवडायचे होते, आणि एकही नाव पुकारलं जाण्याआधी माझा घसा बसला होता. रीत सोपी होती. चार कर्णधार मुली, चिठ्ठ्या टाकून त्यांचे नंबर, मग एकेकीने एकेक खेळाडू मागायची. पहिला नंबर अश्विनीचा लागला. आठवीतली पोरगी, विचार करायला लागली की वेणीचं टोक चावते. ती तोंड उघडणार तोच तिच्या मागून आबासाहेब ओरडला, "पंकजा!"

"आबा, कर्णधार ती आहे," मी म्हणालो.

"असंल की. पन जर्सी माझ्या हायेत, गुरुजी."

आबासाहेबाचं फाट्यावर खताचं दुकान आहे, अश्विनीच्या संघाला जर्सी त्यानेच दिल्या होत्या. शाळेत माझ्याच हाताखाली होता. तेव्हाही उत्तर आधी ओरडायचा आणि गणित मग वाचायचा.

पंकजा चढाई करते आणि छान करते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण चढाई करणाऱ्या मुली आमच्या गावात गल्लोगल्ली आहेत. उजव्या कोपऱ्यात दबा धरून समोरच्या मुलीचा घोटा पकडणारी एकच आहे, सविता. आणि सविता त्या वेळी मैदानात नव्हतीच. ती कुंपणापलीकडे ऊसतोडीला निघालेल्या ट्रकजवळ उभी होती, कडेवर दोन वर्षांचा भाऊ राम्या.

तिचा बाप मच्छिंद्र आदल्या दिवशी मला म्हणाला होता, "गुरुजी, संघात नाव आलं तर पोरगी ऱ्हाईल आजीपाशी, शाळा करंल. न्हाई आलं तर येऊ द्या आमच्याबरूबर. राम्याला सांभाळायला कोन हाय फडावर?"

एवढाच प्रश्न होता. आणि ट्रकमधला मुकादम हॉर्न वाजवत होता.

"आबा, सविताला घेऊ दे तिला."

"सविता? ती तर निगाली फडावर!"

"निवडली तर नाही जाणार."

"पन जानारीला निवडायचं कसं?"

"अरे, निवडली की ती जाणारी राहतच नाही."

"आज न्हाई जानार. उद्या बापानं बोलावलं तर? मंग माझा पैला नंबर वाया!"

हे असं आम्ही तीनदा फिरून आलो. नांगराच्या बैलालाही शेवटी वळण कळतं. मी खडूने जमिनीवर रेघा ओढल्या. ही मध्यरेषा, हा कोपरा, इथून चढाई येते. आबाने त्या रेघांवर उभं राहून मला विचारलं, "गुन कोन आनतं? चढाईवाली. टीव्हीवर बघा, कुनाला जास्त बोली लागती?"

"आणि समोरचीचे गुण कोण अडवतं?"

"ते अडवतील की सगळ्या मिळून."

"मग दुसऱ्या फेरीत घे म्हणावं सविताला," एका कर्णधार मुलीचा काका मध्येच बोलला. त्याला कुणी विचारलं नव्हतं. आमच्या मैदानावर प्रत्येक कर्णधारामागे एक काका असतोच.

"दुसरी फेरी येईपर्यंत ट्रक पाथर्डीच्या पुढे गेलेला असेल," मी म्हणालो. "तुम्ही पहिलंच नाव अजून घेऊ देत नाही आहात!"

माझा आवाज चढला तशा मुली मागे सरकल्या. मला ते आवडत नाही. मी खाली बसलो आणि अश्विनीलाही बसायला सांगितलं.

"गुरुजी, तुमीच सांगा ना, कुनाचं नाव घेऊ?"

"मी सांगितलं तर तो संघ माझा होईल. तू मला सांग, सरावात तू चढाईला जातेस तेव्हा कोणत्या बाजूला जातेस?"

"डाव्या."

"तुझी डावी बाजू म्हणजे त्यांचा कोणता कोपरा?"

तिने खडूच्या रेघांवर बोट फिरवून पाहिलं. "उजवा. न्हाई न्हाई, मंग मी तिकडं न्हाई जात. तितं सविता असती."

"आणि पंकजा?"

अश्विनी हसली. "ती बी न्हाई जात. म्हनती, तितं काय मिळत न्हाई, नुसतं तोंडावर पडायचं."

पलीकडे ट्रकचं इंजिन सुरू झालं. सविताने राम्याला आईच्या हातात वर दिलं आणि स्वतः चाकावर पाय ठेवला.

अश्विनीने तोंडातली वेणी सोडली. उभी राहिली आणि कुंपणाच्या दिशेने ओरडली, "पैलं नाव सविता! सविता माझी! मच्छिंद्रकाका, ऐकलं का?"

आबासाहेबाने कपाळावर हात मारला. लगेच दुसरी कर्णधार म्हणाली, "पंकजा आमची," आणि आबा मटकन जर्सीच्या गठ्ठ्यावर बसला. "गेली! हातातली चढाईवाली गेली!"

मच्छिंद्र ट्रकमधून उतरला. शब्दाचा पक्का माणूस. सविताची पिशवी त्याने कुंपणावरून दिली. मागोमाग खाली उतरून तिच्या आईने राम्यालाही दिलं.

"ह्याला कुठं?" मी विचारलं.

"पोरगी तुमाला पायजे ना?" ती म्हणाली. "मंग ह्यो बी ठेवा. फडावर ह्याला कोन बघनार? आन घरी माझ्या सासूला तर धड दिसत न्हाई, ती काय ह्याच्या मागं पळनार?"

मी बोलायला तोंड उघडेपर्यंत दोघं वर चढली आणि ट्रक निघाला. आईने तोंडावर पदर धरला होता. सविता फाटक्या चपलांत मैदानात आली आणि आपल्या कोपऱ्यात जाऊन बसली. हसायचं की रडायचं हे तिचं अजून ठरलं नव्हतं.

राम्याला मी मांडीवर घेतलं, तर त्याने माझा चष्मा ओढून घेतला. आबाकडे दिलं, तर हात सोडवून तो मध्यरेषा ओलांडून आईच्या ट्रकमागे पळत सुटला. आबा धापा टाकत त्याच्या मागे. राम्या उजव्या कोपऱ्याजवळून चालला होता. सविताने जागेवरूनच हात टाकला आणि त्याचा घोटा धरला. तो पडण्याआधी दुसऱ्या हाताने त्याला पोटाशी घेतलंही.

"बघितलंस?" मी म्हणालो.

"पोरगं हाय ते, गुरुजी," आबा कमरेवर हात ठेवून म्हणाला. "पंकजा न्हाई."

मी राम्याच्या हातातून चष्मा घेतला आणि पुसला. दुसरी फेरी सुरू झाली. पुन्हा अश्विनीचा नंबर. ती वेणी तोंडात घालते न घालते तोच मागून आवाज आला, "आता तरी चढाईवाली घे गं बाई!"