आत्यानं विचारलेला प्रश्न

चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत बसून भिंगं घासण्याचं काम तो सत्तावीस वर्षं करत होता. पुढे काउंटरवर मालक गिऱ्हाइकांशी गोड बोलायचे आणि मागे हा, पाण्याच्या बारीक धारेखाली भिंग धरून, ते फ्रेमच्या मापाला आणायचा. त्याची एकुलती एक मुलगी लहानपणी घरभर गरगर फिरायची, म्हणून तिचं नाव पडलं भिंगरी. दुकानात सगळे म्हणायचे, भिंगवाल्याची भिंगरी. हा विनोद वीस वर्षांचा झाला होता, तरी तो दर वेळी हसायचा.

भिंगरी आता बावीस वर्षांची होती आणि चार महिन्यांपासून अंथरुणाला खिळली होती.

सुरुवात अगदी साधी झाली. एका बेकरीत ती केकवर नावं लिहायची. अक्षर असं, की लोक केक कापायला का-कू करायचे. एके दिवशी ती दुपारीच घरी आली आणि म्हणाली, "हात उचलत नाही." आधी सगळ्यांना वाटलं, दमली असेल. मग आठवडा गेला, महिना गेला. केस धुवायचे तरी तिला डोंगर चढल्यासारखं व्हायचं. आई एका हॉटेलच्या धुलाईघरात मुकादम होती, चाळीस बायकांच्या तक्रारी रोज निस्तरणारी. तिनं खोदून खोदून विचारलं, "कुणी काही बोललं का? कुणी फसवलं का? मला सांग, बघतेच त्याच्याकडे."

"काही झालं नाही गं आई," भिंगरी म्हणाली. "तेच तर."

मनोविकाराच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, हा तीव्र नैराश्याचा आजार आहे. गोळ्या लागू पडायला काही आठवडे जातील. तोवर तिला फार वेळ एकटं ठेवू नका, आणि जगण्यामरण्याचं काही बोलली तर थांबू नका, थेट या.

बाबाला ते पटलं नव्हतं. ताप हा आजार, मोडलेलं हाड हा आजार. तरी पठ्ठ्यानं एक वही सुरू केली. किती तास झोपली, किती घास खाल्ले, गोळी किती वाजता. सकाळी आठच्या ठोक्याला तो गोळी आणि पाणी घेऊन उभा राहायचा आणि ती गिळेपर्यंत हलायचा नाही. नवराबायकोनं कामाच्या पाळ्या बदलून घेतल्या. सकाळी तो घरी, दुपारनंतर ती. का, ते दोघांपैकी कुणीच बोलत नव्हतं. घरातल्या काही वस्तू एकेक करून नाहीशा झाल्या, आई त्या पिशवीत घालून कामावरच्या कपाटात नेऊन ठेवत होती. त्याच्या ते लक्षात आलं. त्यानं विचारलं नाही. तिनं सांगितलं नाही. घर असं झालं होतं, की कपबशी वाजली तरी तिघं दचकायची.

मग पाळ्या जुळेनाशा झाल्या, म्हणून त्यानं आपल्या थोरल्या बहिणीला बोलावून घेतलं. भिंगरीची आत्या टेलिफोन कार्यालयात बत्तीस वर्षं ऑपरेटर होती आणि अर्ध्या शहराची भांडणं ऐकून निवृत्त झाली होती. एक बॅग आणि स्वतःची उशी घेऊन ती आली. "दुसऱ्याच्या उशीवर मला दुसऱ्याची स्वप्नं पडतात," असं तिनं दारातच जाहीर केलं. भिंगरीच्या खोलीत खुर्ची टाकून ती बसून राही. सल्ला देत नसे, समजूत घालत नसे. कधी विणकाम करी, कधी घोरे.

आत्या आल्याला बारा दिवस झाले होते. बुधवारी सकाळी बाबा आठ वाजता गोळी घेऊन गेला, तर भिंगरी उठून बसलेली. अंघोळ केलेली. पलंगावरची चादर ताणून बसवलेली. ती त्याच्याकडे बघून हसलीसुद्धा.

बाबाचा आनंद गगनात मावेना. स्वयंपाकघरात तो शीळ घालत अंडी उकडू लागला. बायको पहाटेच कामावर गेली होती, तिला फोन करून त्यानं सांगितलं, "लागू पडल्या गं गोळ्या! हसली आज!"

आत्या ओट्याला टेकून उभी होती. ती हसत नव्हती.

"तिनं मला तिचं घड्याळ दिलं," ती हळूच म्हणाली. "म्हणाली, ठेव तुला, मला नकोय आता. आणि बेकरीतल्या मैत्रिणीला द्यायला पुस्तकांचा गठ्ठा बांधून ठेवलाय."

"मग? आवरलं असेल. चांगलंच आहे की."

"चार महिने जिला दात घासायला जमत नव्हतं, ती एका सकाळीत सगळं आवरते? मला हे बरं दिसत नाही रे."

"ताई, तुला चांगलं काही बघवतच नाही," तो म्हणाला आणि अंडी थंड पाण्यात सोडली.

तिघं टेबलाशी बसली. भिंगरीनं अंड्याचं कवच नीट, सलग सोलून काढलं. आत्यानं आपली बशी बाजूला सारली.

"भिंगरे, माझ्याकडे बघ. तू मरायचा विचार करतेयस का?"

बाबा इतक्या जोरात उठला, की खुर्ची मागे आपटली. "ताई! काय बोलतेयस? नको ते तिच्या डोक्यात भरवू नकोस!"

"मी भरवत नाहीये. आहे का, ते विचारतेय. तू बस."

तो बसला नाही. भिंगरी हातातल्या अंड्याकडे बघत होती. मग तिचे खांदे खाली आले, जसं काही हातातलं ओझं कुणी धरलं.

"हो," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"बरेच दिवस."

"काही ठरवलंयस?"

तिनं होकारार्थी मान हलवली.

"कधी?"

"उद्या. बाबा कामावर गेले, की आई येईपर्यंत तासभर असतो. आणि तू दुपारी झोपतेस."

काय ठरवलं होतं, तेही तिनं सांगितलं. ते इथे सांगायचं कारण नाही. बाबाच्या कानात नुसती शिट्टी वाजत होती. आत्यानं किंकाळी फोडली नाही, देवाचं नाव घेतलं नाही. तिनं भिंगरीचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "बरं केलंस सांगितलंस. आता हे तू एकटीनं वागवायचं नाहीस." आणि दुसऱ्या हातानं फोन उचलला.

डॉक्टरीणबाईंनी दोन वाक्यांत सांगितलं, आत्ताच्या आत्ता रुग्णालयात घेऊन या, मी तिथे कळवून ठेवते. तोपर्यंत तिला मिनिटभरही नजरेआड करू नका.

पण ते वाक्य कानावर पडलं होतं फक्त आत्याच्या. बाबा तेव्हा दारात चपला शोधत होता. "तोंड धुऊन येते," म्हणून भिंगरी त्याच्या शेजारून गेली आणि त्यानं जाऊ दिलं. न्हाणीघराची कडी आतून लागली, तसा तो चपला तिथेच टाकून धावला.

"भिंगरे?"

आत नळ सुरू झाला.

"भिंगरे, दार उघड." त्यानं थाप मारली. मग खांदा लावला. दार जाड होतं, हललंसुद्धा नाही. धावत जाऊन त्यानं आपली हत्यारांची पेटी आणली आणि बिजागरीशी गुडघे टेकले. पेटीत चौदा स्क्रूड्रायव्हर होते, सगळे चष्म्याच्या काडीचे. त्यातला सगळ्यात मोठा त्या स्क्रूच्या खाचेत नुसता खुळखुळला.

"खाली सुतार राहतो ना?" आत्या म्हणाली. "मी आणते त्याला. तू बोलत राहा. थांबू नकोस." आणि अडुसष्ट वर्षांची ती बाई दोन-दोन पायऱ्या गाळत खाली गेली.

तो दारासमोर बसला. सवयीनं तोंडातून निघालं, "उघड बाळा, काही होत नाही, सगळं ठीक होईल..." आणि तो थांबला. हेच वाक्य तो चार महिने बोलत होता. आतून फक्त पाण्याचा आवाज येत होता.

"भिंगरे," तो म्हणाला, "मला काही कळत नाही. कळल्यासारखं करतो मी नुसता. वही लिहितो, गोळ्या मोजतो, त्यापुढे मला काही येत नाही. सकाळी तू हसलीस, तर मी शीळ घालत बसलो. असला गाढव आहे मी."

त्यानं कान दाराला लावला.

"मला उत्तर दे. शिवी दे. पण आवाज दे."

नळ बंद झाला.

"बाबा, मी तुम्हाला सगळ्यांना दमवलंय."

नाही गं, असं म्हणायला त्यानं तोंड उघडलं, आणि मिटलं. "हो," तो म्हणाला. "दमलोय. माणूस दमतो. दमलो म्हणजे तू नको झालीस, असं नाही."

"माझ्याशिवाय तुम्ही बरे राहाल."

"कुणी सांगितलं तुला हे?"

"डोकं सांगतं. सारखं. थांबतच नाही."

"खोटं सांगतंय. बाकी मला काही कळत नसेल, पण माझं मला कळतं ना? मी बरा नाही राहणार. तुझी आई नाही राहणार. हे मला विचार, त्याला कशाला विचारतेस?"

आत हुंदका आला. चार महिन्यांत ती रडली नव्हती. त्याला तो आवाज ऐकून भीतीही वाटली आणि हायसंही वाटलं.

"तिथे मला कोंडून ठेवतील. मला भीती वाटते."

"मलाही वाटते. पण मी रोज येईन. भेटायची वेळ व्हायच्या आधी येऊन बसेन."

"तुम्ही नेहमीच आधी येऊन बसता," ती म्हणाली. "लाज आणता."

कडी सरकली.

ती फरशीवर बसलेली होती, तोंड ओलं, हात रिकामे. त्यानं आधी हातच पाहिले. मग तो तिच्याशेजारी ओल्या फरशीवर बसला आणि तिला घट्ट धरून राहिला. सुतार धापा टाकत आला, मागून आत्या. सुतारानं उघडं दार पाहिलं, बापलेकीला पाहिलं, आणि नजर दुसरीकडे वळवली. मग कुणी न सांगताच त्यानं आतली कडी काढून खिशात घातली आणि म्हणाला, "सैल झाली होती. नंतर बसवून देईन. घाई नाही."

रुग्णालयात तीन जणांनी तिला तेच तेच प्रश्न विचारले. नर्सनं, तरुण डॉक्टरनं, मग मोठ्या डॉक्टरनं. प्रत्येक वेळी ती हो म्हणाली आणि प्रत्येक वेळी बाबाच्या काळजाला चरा पडला. आई कामावरच्या एप्रनमध्येच धावत आली, अंगाला साबणाचा वास, हात वाफेनं लाल. भिंगरीला आत नेलं, तेव्हा ते दोघं बाहेरच्या बाकावर राहिले.

"तुला माहीत होतं," तो म्हणाला. "वस्तू नेत होतीस. मला बोलली नाहीस."

"तुम्हाला नव्हतं माहीत? बघत होतात की. सकाळी मला फोन करून सांगता, हसली म्हणून!"

"मला वाटलं..."

"मलाही वाटलं," आई म्हणाली आणि तिचा आवाज फुटला. "मला वाटलं, मी तोंडातून काढलं तर खरं होईल."

बाकाच्या टोकाला बसलेली आत्या म्हणाली, "भांडा. पण हळू. इथे दुसऱ्यांचीही माणसं आहेत."

भिंगरी तिथे तेवीस दिवस राहिली. पहिला आठवडा ती आत्याशी बोललीच नाही. मी ठरवलेलं माझ्याकडून काढून घेतलंस, एवढंच एकदा म्हणाली. आत्या रोज जाऊन तो अबोला ऐकून यायची. गोळ्या बदलल्या. पहिल्यांदा तिचे हात थरथरले, मग झोप लागू लागली. सतराव्या दिवशी तिनं सुपाला नाव ठेवलं, भांडी घासलेलं पाणी आहे म्हणाली. आत्यानं ही बातमी बाहेर येऊन अशी सांगितली, जणू पोरगी परीक्षेत पहिली आली. "तक्रार करतेय रे! चांगली शिव्या घालून तक्रार करतेय!"

घरी आल्यावर सगळं सुरळीत झालं, असं नाही. कधी आठवडा बरा जायचा, कधी तीन दिवस ती भिंतीकडे तोंड करून पडायची. पण आता घरात विचारलं जायचं. रोज एकदा, चहाच्या वेळी, आई सरळ विचारायची, "आज कितपत आहे?" आणि भिंगरी सांगायची. कधी "थोडं", कधी "नाही". विचारताना आईचा कप बशीवर किणकिणायचा, तरी ती विचारायची. बेकरीत भिंगरी परत गेली नाही. गर्दी सोसत नव्हती. सात महिन्यांनी तिनं झाडांच्या रोपवाटिकेत सकाळचे तीन तास काम धरलं.

तिथे लागून महिना झाला होता. एका मंगळवारी अकराच्या सुमाराला दुकानाच्या मागच्या खोलीत बाबाचा फोन वाजला.

"बाबा, ते परत आलंय." आवाज सपाट होता. "सकाळपासून डोकं तसलंच बोलतंय. मी फाटकाबाहेर उभी आहे."

त्यानं मशीन बंद केलं. "तिथेच उभी राहा. हलू नकोस. मी फोन ठेवत नाही." मालकांना त्यानं लांबूनच हात केला आणि तो बाहेर पडला. फोन कानाला लावून तो चालत होता, मग पळत होता. "आता औषधाच्या दुकानापाशी आलो. ऐकतेयस ना? आता चौकात आलो. सिग्नल लाल आहे. बोल."

"पळू नका बाबा. गुडघे."

"गुडघे गेले खड्ड्यात. बोलत राहा."

मातीच्या पोत्यांशेजारी ती उभी होती, फोन दोन्ही हातांनी धरून, ओठ पांढरे पडलेले. रस्त्यापलीकडून तिनं त्याला पाहिलं, तरी फोन खाली केला नाही. तो जवळ आला. धाप लागल्यानं त्याला बोलताच येईना. ठीक होईल, असं तो म्हणाला नाही.

"आधी बसूया," तो शेवटी म्हणाला, "का थेट डॉक्टरांकडे?"

तिनं थोडा विचार केला.

"डॉक्टरांकडे," ती म्हणाली आणि त्याच्या दंडाला धरून रस्त्यात उतरली.