शेजारची सीट

गाडी ब्रेकच्या तपासणीत पास झाली, दिव्यांच्या झाली, धुराच्यासुद्धा झाली, पण म्हाताऱ्याला त्याचं काडीचं कौतुक वाटलं नाही. सकाळपासून पेट्रोलचा वास नाकात जाऊन बसला होता. शेजारी मेहुणा आपलंच पोरगं पहिलं आल्यासारखा दात काढत उभा होता.

तपासणी केंद्राच्या आवारात बघे जमले होते. गाडी होतीच तशी. जुनी, लांबलचक, दोन दारांची, आठ सिलिंडरची. चालू केली की पायाखालची फरशी थरथरायची. कोणी फोटो काढत होतं, कोणी बॉनेटवरून हात फिरवत होतं.

"हात नका लावू हो, रंग ओला आहे!" मेहुणा खोटंच ओरडला. मग म्हाताऱ्याला कोपर मारून म्हणाला, "भाऊजी, जरा हसा की. फोटोत एरंडेल प्यायल्यासारखे दिसताय."

म्हातारा हसला नाही. बायको जाऊन वर्षही झालं नव्हतं. ही गाडी शेडमध्ये आली तेव्हा तिचे केस काळेभोर होते. तेव्हापासूनचे सगळे रविवार गाडीनं गिळले. ती लोकांना सांगायची, "मला सवत आहे. पण बाकीच्यांच्या सवती निदान हलतात तरी!"

ती गेल्यावर म्हाताऱ्यानं शेडला कुलूपच लावलं असतं. पण मेहुणा, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, हटून बसला. नोंदणीची मुदत आज संपत होती. आज पास झाली नाही तर नंबर रद्द, आणि बिननंबरची गाडी म्हणजे भंगार. "ताईचे एवढे रविवार गेले हिच्यात," मेहुणा म्हणाला होता, "ते भंगारवाल्याच्या ट्रकमध्ये टाकायचे का?" त्यावर म्हाताऱ्यानं पाना हातात घेतला होता.

तपासणी करणारी बाई तरुण होती. तिनं दार उघडलं, आत वाकून पाहिलं आणि पुन्हा बाहेर आली.

"काका, पुढची दुसरी सीट कुठाय?"

दोघं एकमेकांकडे बघतच राहिले. त्या जागी इतकी वर्षं पान्यांची पेटी असायची. तिथे माणूस बसतो, हेच दोघांच्या डोक्यातून गेलं होतं. सकाळी पेटी उचलून शेडमध्ये ठेवली, जागा झाडून घेतली, आणि गाडी तयार आहे म्हणून ती मेहुण्याच्या व्हॅनला बांधून ओढत निघाले.

"कागदावर सीट आहे, तर गाडीतही हवी," बाई म्हणाली. "ऑफिस बंद व्हायच्या आत आणा. उद्या मी काही करू शकणार नाही."

"सगळं मुसळ केरात," मेहुणा पुटपुटला.

मेहुण्याच्या व्हॅनमधून दोघं परत शेडवर आले. सीट मागच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली होती. सीट सगळ्यात शेवटी बसवायची, ही म्हाताऱ्याची पद्धत. आधी बसवली तर ग्रीसचे हात लागतात, काम करताना आड येते. बायको दरवर्षी विचारायची, "माझी जागा झाली का?" आणि हा सांगायचा, "शेवटी."

त्यानं ताडपत्री ओढली, आणि वासाचा असा भपकारा आला की मेहुणा नाक दाबून दारापर्यंत पळाला. सीटच्या पोटात उंदरांनी घर केलं होतं. कापूस, कागद, लेंड्या, सगळ्याचा मुतानं ओला गोळा झाला होता. मधे एक उंदीर कधीचा मरून स्प्रिंगला चिकटला होता, आणि त्याच्याच अंगाला लागून गुलाबी, बिनकेसांची पिल्लं वळवळत होती.

"अरे देवा! भाऊजी, हे जाळून टाका."

म्हाताऱ्यानं हातमोजेही घातले नाहीत. पिल्लं घरट्यासकट फावड्यावर घेऊन बाहेर कुंपणाशी ठेवली. मग मुठी भरभरून कापूस उपसला. तोंडाला कडू पाणी सुटत होतं. त्याला उंदरांची किळस येत नव्हती. उंदीर निदान ह्या सीटवर राहिले तरी होते.

लोखंडी सांगाडा शाबूत निघाला. फिनेल ओतून, ब्रशनं घासून तो धुतला.

"आता वर टाकायला गादी पाहिजे," मेहुणा म्हणाला. "हॉलमधल्या सोफ्याची बसेल बघा. ती खिडकीजवळची. ताईची."

"तिला हात लावायचा नाही."

"एक दिवस तर लागणार..."

"सांगितलं ना! ह्या गाडीला तिनं द्यायचं ते देऊन झालंय."

मेहुण्यानं स्वतःच्या व्हॅनच्या सीटची गादी उसवून काढली. ती सांगाड्यावर तारेनं आवळली, आणि केंद्राचं फाटक बंद होण्याआधी चार बोल्टांवर सीट गाडीत बसली.

बाईनं सीट हलवून पाहिली. वास आला असावा, कारण तिनं तोंड वाकडं केलं. पण शिक्का मारला. "झाली पास. घेऊन जा, काका."

मेहुण्यानं शिट्टी मारली, पलीकडून दार उघडलं आणि धपकन त्या सीटवर बसला. मांडी हलवून गादी चाचपली. "वा! राजासारखं वाटतंय. चला भाऊजी, काढा. व्हॅन मी उद्या नेईन."

म्हातारा स्टिअरिंगमागे बसला होता. किल्ली फिरवायला गेलेला हात थांबला. शेजारी, जिथे तिनं बसायचं तिथे, पँटीतला गुडघा दिसत होता, आणि केसाळ हात तो थापटत होता. तो बघवेना.

"तू चालव," तो खाली उतरत म्हणाला. "मी चालत येतो."

"लांब आहे हो!"

"माहितीये."

"अहो, पण इतक्या वर्षांनी रस्त्यावर आली, आणि तुम्हीच..."

"गाडी रस्त्यावर आणायची होती, आणली. मला बसायचंय असं कुठे म्हणालो?"

मेहुणा स्टिअरिंगमागे सरकला. थोडा वेळ म्हाताऱ्याच्या शेजारून पहिल्या गिअरमध्ये गुरगुरत आला. फुटपाथवरची माणसं थांबून बघत होती. एकानं अंगठा दाखवला. म्हाताऱ्याला खोकल्याची उबळ आली.

"पुढे हो ना!" तो खेकसला. "धूर खातोय मी!"

गाडी दणाणत पुढे गेली. वळणावर दिसेनाशी झाली तरी आवाज येतच होता. इतकी वर्षं शेडच्या आत बसून इंजिन ऐकणाऱ्या माणसाला हा आवाज बाहेर कसा लागतो, हे कधी कळलं नव्हतं. नुसता कर्कश. बायकोला दर रविवारी हाच ऐकू येत असणार. तो घराकडे न वळता सरळ चालू लागला, जिथे तो आवाज पोचणार नाही अशा रस्त्यानं.