चिंधाभाऊंच्या काळजातली जेली

मित्रांनो, निबंधात बोलणाऱ्या वस्तूंसारखी मी जुनी वगैरे मुळीच नाही! मी एक नवीकोरी जेली आहे आणि आज मी भयंकर चिडले आहे.

समुद्रातल्या शेवाळापासून मला बनवलं. धुतलं, गाळलं आणि सुरतच्या एका रुग्णालयात चाचणीसाठी पाठवलं. हृदयविकाराचा झटका आला की हृदयाच्या भिंतीचा काही भाग मरतो, पातळ होऊन फुगू लागतो. तिथे मला सुईने टोचतात. आत जाऊन मी घट्ट होते आणि भिंतीला टेकू देते. केवढी ऐट होती मला!

पण चिंधाभाऊंच्या हृदयात शिरले आणि माझा पाराच चढला. केवढा तरी भाग मेलेला! का? तर नवागाम वस्तीतले हे चिंधाभाऊ कापड विणायच्या लूमवर छाती धरून खाली बसले, तेव्हा मुकादम मगन म्हणाला, "गॅस आहे रे, सोडा मार!" यांनी सोडा प्यायला आणि पाळी संपेपर्यंत उभे राहिले. लूमवर एक धागा तुटला तरी धावत जाऊन गाठ मारणारी ही माणसं! आणि छातीत कळ आली तर सोडा?

डॉक्टरांनी माझं कौतुक केलं. चिंधाभाऊंच्या बायकोने, शोभाबाईंनी, पेढे वाटले. झालं! 'दिल नवं बसवलं' अशी गल्लीभर बातमी. घरी येताच चिंधाभाऊंनी डॉक्टरांच्या गोळ्या फळीवर फेकल्या.

आज संध्याकाळी मगन दारात हजर. "चल रे, आता तर दिलाची सर्व्हिसिंग झाली! रातपाळीला माणूस नाही."

"आते मी बरा शे," असं आपल्या अहिराणीत म्हणत चिंधाभाऊ चपला शोधू लागले. "शोभे, डबा दे."

मी आतून किंचाळत होते. अहो, मेलेला भाग मी जिवंत नाही केला! मी नुसता टेकू आहे! पण जेलीला तोंड कुठे असतं?

शोभाबाई बाहेर आल्या. हातात डबा नव्हता, बाटली होती.

"हाई ल्या, मगनभाऊ."

"हे काय, वहिनी?"

"सोडा. तुमच्या छातीत कळ आली की प्या आन् करा रातपाळी. यांचा डबा डॉक्टर हो म्हणतील तवाच भरीन."

मगन बाटली घेऊन जिना उतरला. चिंधाभाऊंनी चपला परत कोपऱ्यात सारल्या. मग हळूच म्हणाले, "गोळ्या कोठे शेत?"

मित्रांनो, माझं कौतुक नंतर करा. मला टोचायची वेळच येऊ देऊ नका. कुणी छाती धरून बसलं की सोडा आणू नका, रिक्षा आणा!