ला कोरुन्यापर्यंत

गुरुवारी संध्याकाळी क्लबात जायचं असलं की टॅम्सिन पेंगेली केशर घातलेला पाव भाजायला घ्यायची. पाव कापायचा, वाटायचा, कप विसळायचे. हात कामात असले की कुणी शेजारी बसवून गप्पा मारत नाही, हे तिला पाच हिवाळ्यांत पुरतं कळलं होतं.

खाडीच्या तोंडाशी असलेला तो क्लब म्हणजे पूर्वीची शिडांची वखार. उन्हाळ्यात तिथे चिटपाखरू नसायचं, कारण सगळे आपापल्या होड्या घेऊन पाण्यावर. थंडीत होड्या किनाऱ्यावर ताडपत्रीखाली विसावल्या की माणसं दर गुरुवारी जमायची आणि कुणीतरी पडद्यावर फोटो दाखवत आपला प्रवास सांगायचं. कुणी अटलांटिक ओलांडून आलेलं, कुणी नॉर्वेच्याही वर, बर्फाला हात लावून आलेलं.

टॅम्सिनला आणि तिच्या नवऱ्याला, जोरीला, मात्र कधी कुणी बोलायला सांगितलं नव्हतं. दोघं घर भाड्याने देऊन आपल्या ‘लॅपविंग’मधून जगाच्या फेरीला निघाली, तेव्हा याच क्लबाने बँड लावून निरोप दिला होता. आणि पानगळ संपायच्या आत दोघं स्पेनमधल्या ला कोरुन्या बंदरातून परत आली होती. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. सगळे इतक्या समजूतदारपणे वागले की त्या विषयाभोवती कुंपणच पडलं.

त्या गुरुवारी वारा नुसता पिसाटला होता. या बैठका वर्षानुवर्षं चालवणारा डेन्झिल खुर्चीवर चढून म्हणाला, “मंडळी, आजच्या पाहुण्यांची गाडी ट्रूरोच्या अलीकडे अडकलीय. रुळांवर झाड पडलंय. तोवर चहा घ्या. सायडरही आहे, पण जरा बेताने. मागच्या वेळी काही जणांना दार सापडत नव्हतं.”

टॅम्सिन पावाची थाळी फिरवत होती. मारेइके नावाची एक डच बाई त्याच आठवड्यात आपली होडी घेऊन खाडीत थंडी काढायला आली होती. तिने एक तुकडा तोंडात टाकला.

“तुम्ही केलात? झकास! आणि तुम्ही कुठला महासागर ओलांडलात?”

आजूबाजूचे दोन-तीन कप ओठांपाशीच थबकले.

“एकही नाही,” टॅम्सिन म्हणाली. “निघालो होतो जगभर. ला कोरुन्याहून परत फिरलो.”

“का?”

पाच वर्षांत हा प्रश्न तिला कुणी विचारलाच नव्हता.

“ते सांगायला बराच वेळ लागेल.”

“मग सांगा ना! झाड काय पळून जातंय? पोहोचलेल्यांच्या गोष्टी ऐकून माझे कान किटलेत. सगळ्या शेवटी नारळाच्या झाडाखालीच संपतात.”

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. डेन्झिलने घसा खाकरला. “टॅम्सिन, तुझ्यावर जबरदस्ती नाही बरं का—”

“जबरदस्ती कसली?” ती म्हणाली, आणि तिचं तिलाच नवल वाटलं. थाळी खाली ठेवून ती पडद्यापुढे जाऊन उभी राहिली.

“फोटो नाहीत माझ्याकडे,” तिने सुरुवात केली. “वादळबिदळ काही झालं नाही. बिस्केचा उपसागर आम्ही गुण्यागोविंदाने पार केला. जोरीने पाव जाळला, तेवढंच काय ते संकट.”

लोक हसले. शेगडीजवळ बसलेला जोरीही हसला.

“ला कोरुन्यात आम्ही वाऱ्याची वाट बघत थांबलो. वारा आला. अगदी हवा तसा. सकाळी मी दोर सोडायला वर आले. समोरच्या घराच्या गॅलरीत एक बाई गालिचा झटकत होती. खाली कुणीतरी ओरडलं, धूळ पडते म्हणून. तिनेही वरून सुनावलं. मी दोर हातात धरून ते भांडण ऐकत राहिले. तुम्हाला ठाऊक आहे, मी आयुष्यभर घरोघरी जाऊन आजाऱ्यांची सेवा केली. रोज दारं ठोठावायची, चहा नको म्हणायचं, तरी प्यायचा. बिस्केत मला भीती वाटली नव्हती. पण रात्री सुकाणूवर बसले की वाटायचं, इथे ठोठावायला एक दार नाही. आणि पुढे तर महिनोन्‌महिने तेच. जोरी म्हणाला, ‘सोड दोर.’ मी म्हटलं, ‘नाही सोडवत.’ बस्स. एवढंच झालं.”

मग मारेइके जोरीकडे वळली. “आणि तुम्हाला? तुम्हाला पुढे जायचं होतं?”

जोरी होड्या बांधणारा सुतार. बोलण्यापेक्षा रंधा मारणं त्याला सोपं. त्याने टॅम्सिनकडे पाहिलं. ती वाट पाहत उभी होती.

“होतं,” तो म्हणाला. “अजूनही आहे.”

झाडाचं काय झालं कुणास ठाऊक, पाहुणे आले नाहीत. पण क्लब उशिरापर्यंत उठला नाही. कोण कुठून परत फिरलं ते एकेक जण सांगू लागला. शेवटी डेन्झिल म्हणाला, “मी तर परतही फिरलो नाही. ब्रिटनीच्या, म्हणजे समोरच्या किनाऱ्याच्या, पुढे कधी गेलोच नाही. इतकी वर्षं दुसऱ्यांचे प्रवास पडद्यावर लावून देतोय.”

घरी जाताना वाऱ्यापुढे वाकून दोघं चालत होती.

“इतकी वर्षं का नाही बोललास?” टॅम्सिनने विचारलं.

“तुला बोचलं असतं.”

“आत्ता काय गुदगुल्या झाल्या?”

जोरीने कॉलर वर ओढली आणि म्हणाला, “तुला सोडून जायला नको वाटतं. आणि न जाणंही नको वाटतं. लाकूड असतं तर मधोमध कापून जोडलं असतं.”

“मला जोडू नकोस,” ती म्हणाली. “डेन्झिलला ने. स्वयंपाक त्याला येतो.”

त्याला वाटलं, ती रागात बोलतेय. ती रागात होतीही. पण दुसऱ्या दिवशी राग ओसरला आणि म्हणणं तसंच राहिलं.

जूनमध्ये ‘लॅपविंग’ भर अटलांटिकमधल्या अझोर्स बेटांकडे निघाली. या वेळी बँड नव्हता. डेन्झिलनेच नको म्हणून सांगितलं होतं. टॅम्सिनने धक्क्यावरचे दोर सोडले, होडी वळणाआड जाईपर्यंत हात हलवला आणि घरी येऊन मनसोक्त रडली. पहिले काही दिवस तिला घर खायला उठलं. मग ती शेजारच्या आजारी म्हातारीकडे रोज जाऊन बसू लागली.

बेटावर पोहोचल्यावर जोरीचा फोन आला. आवाज मधेच तुटत होता. नेहमी दोन वाक्यांत आटपणारा हा माणूस त्या दिवशी थांबेचना: देवमाशाचा श्वास कसा ऐकू आला, वारा पडल्यावर पाणी तेलासारखं कसं दिसलं, आनंदाने गाऊन गाऊन डेन्झिलचा घसा कसा बसला.

टॅम्सिन जिन्याच्या पायरीवर बसून ऐकत होती. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिने न पाहिलेलं असं काही जोरीकडे सांगायला कधी नव्हतंच.

“मग?” ती म्हणाली. “पुढे काय झालं?”