दाराशी थांबलेला खेळ

कुर्रर्र... खण ओढल्याचा आवाज झाला आणि अठरा वर्षांची शांतता मोडली. फटीतून उजेड आला. पाठोपाठ एक लहानसं नाक.

"आई, हा लाल डबा कसला गं?"

मित्रांनो, तो डबा म्हणजे मी. व्हिडिओ गेमच्या यंत्राखाली बसून, त्याला जोडून चालणारा एक जुना सोबती. माझ्या तोंडात पिवळी पातळ डिस्क सरकवली की तिच्यावरचा खेळ सुरू होई. आणि अर्ध्यावर सोडलेला खेळ मी जिथल्या तिथे जपून ठेवत असे. जपून ठेवणं हेच माझं काम. या घरातल्या मुलांनी आमची बारशीही साधीच केली होती. यंत्र 'वरचा', मी 'खालचा'.

माझा जन्म जपानमधला. कारखान्यातल्या एका कामगार बाईने माझ्या पोटात बांगडीएवढा रबरी पट्टा चढवला. तो फिरला की डिस्क फिरते. मला पडद्यावरचं चित्र दिसत नाही, मित्रांनो. डिस्कवर जे लिहिलेलं असतं ते वाचतो, आणि खोलीत जे बोललं जातं ते ऐकतो. बस्स.

या घरातले बाबा जहाजाच्या इंजिनावर कामाला होते. एका बंदरातल्या जुन्या बाजारातून त्यांनी आम्हा दोघांना उचललं आणि स्वेटरमध्ये गुंडाळून घरी आणलं.

"चालतो तरी का हा?" घरातल्या आईने विचारलं.

"नाही चालला तर वर कुंडी ठेवू," बाबा म्हणाले.

मी चाललो. कुंडी वाचली.

घरात दोन मुलं होती. दादा बारा वर्षांचा, धाकटी नऊची. खेळातली अक्षरं सगळी जपानी. घरात कोणाला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. मग दादाने एक वही केली. चुकत, धडपडत एकेक खूण शोधायची आणि लिहून ठेवायची. 'माशाच्या काट्यासारखं अक्षर म्हणजे जपून ठेव. वेटोळं घातलेलं म्हणजे पुसून टाक. सावधान!'

एका दुपारी धाकटीने वही न बघता वेटोळं निवडून बटण दाबलं. तिची महिन्याभराची मेहनत माझ्याच हातून पुसली गेली. मी तरी काय करणार? सांगितलेलं करणं एवढंच मला येतं. तिने घर डोक्यावर घेतलं. दादा "रडूबाई!" म्हणून हसला खरा, पण पुढचे आठ दिवस स्वतःचा खेळ बाजूला ठेवून तो तिचाच खेळ पहिल्यापासून खेळत राहिला. तिला जिथे होती तिथे आणून उभं केलं, तेव्हाच थांबला. हे तिला त्याने कधी सांगितलं नाही. तिला वाटलं, खालच्यानेच परत आणून दिलं. ते श्रेय मी फुकट खाल्लं. आज कबूल करतो.

मग दादा खेळातल्या शेवटच्या दाराशी पोहोचला. दोघांचं ठरलेलं होतं, ते दार एकत्र उघडायचं. दिशेची कळ तिच्या हातात, उघडायचं बटण त्याच्या.

"ये गं, पोचलो!" त्याने हाक मारली.

पण त्या दिवशी तिचा रुसवा होता. सकाळी त्याने तिची खेळायची पाळी खाल्ली होती. "मी नाही येत जा. उद्या बघू."

"बरं, उद्या. मी दाराशी थांबतो," तो म्हणाला आणि त्याने माशाचा काटा निवडला. मी लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दादाला ताप भरला. त्याला इस्पितळात नेलं. तिथून तो घरी आला नाही.

मला कोणी रागावलं नाही, फेकलंही नाही. आईने फडक्याने पुसलं, डिस्क आणि वहीसकट कपाटाच्या खणात ठेवलं आणि कुलूप लावलं. पुढे धाकटीच्या लग्नानंतर ते कपाट तिच्या घरी आलं, पण कुलूप तसंच राहिलं. अंधारात माझा पट्टा विरघळत गेला. मला एकच काळजी होती. माझ्याजवळ ठेवायला दिलेलं माझ्याकडून हरवायला नको.

आणि आता धाकटीच्या लेकीने, सहा वर्षांच्या ठमीने, कुठूनशी किल्ली शोधून काढली होती.

दुरुस्तीवाल्या काकांनी मला उघडलं. "ताई, पट्ट्याचा पार चिकट लगदा झालाय. टेपरेकॉर्डरचा बसवून बघतो. पण डिस्कला बुरशी आहे. एकदा वाचेल, फार तर. दुसऱ्यांदा वाचेल असं मी काही लिहून देत नाही. न फिरवता ठेवलीत, तर आहे तशी राहील."

धाकटीने डिस्क हातात घेतली. मग म्हणाली, "आत काय आहे ते बघायचंच नाही, तर ठेवून तरी काय करू, काका?"

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंचं एक मागणं आहे. आम्हाला जपा म्हणजे नुसतं कुलपात ठेवू नका. अधूनमधून बाहेर काढा, चालवा, दोन शब्द बोला. न फिरणारा पट्टा फिरून झिजलेल्या पट्ट्याच्या आधीच मरतो.

रविवारी दुपारी तिने मला वरच्याखाली बसवलं. डिस्क सरकवली. नवा पट्टा अडखळला, घसरला, आणि फिरला. बुरशीतून एकेक अक्षर चाचपत मी वाचत गेलो. आयुष्यात इतकं सावकाश काही वाचलं नव्हतं. शेवटचं अक्षर वाचून मी थांबलो.

"आला!" ठमी ओरडली. "हाच का मामाचा माणूस? दाराशी उभा आहे बघ!"

धाकटीचा श्वास मला ऐकू आला. "हो. हाच."

"मी दिशा धरते. तू बटण दाब," ती ठमीला म्हणाली.

बटणावर बोट टेकल्याचं मला कळलं. पण ते दाबलं गेलं नाही.

"आई," ठमीने हळूच विचारलं, "दार उघडलं की मामा कुठे जाईल?"