रोझलिनचा उपवास

लुसीने चिमट्याने सुई उकळत्या पाण्यातून काढली, पिचकारीला बसवली आणि दाराची कडी लागली आहे ना, ते तिसऱ्यांदा पाहिलं. रोझलिनने न सांगता फ्रॉक मांडीवर सरकवला. मुलगी अकरा वर्षांची. सुई टोचली, की आता ओठ लुसीच चावायची.

सुई बाहेर निघते तोच दारावर थाप पडली.

लुसीने पिचकारी पातेल्यात सोडली, वर झाकण घातलं, औषधाची बाटली ओल्या वाळूच्या मडक्यात खुपसली आणि मडक्यावर टोपली पालथी घातली. अडीच महिन्यांत हे सगळं चार श्वासांत उरकायची तिला सवय झाली होती.

दारात शेजारची हिल्डा उभी होती. फादर गॅब्रिएलचा निरोप घेऊन आली होती.

"आज क्रुसाच्या वाटेला काट्यांचा मुकुट तुझ्या रोझलिनने धरायचा. सगळ्यांच्या पुढे." मग तिने मान लांब करून आत पाहिलं. "काय शिजतंय गं? आज गुड फ्रायडेला?"

"पाणी," लुसी म्हणाली. निदान हे तरी खोटं नव्हतं.

"आता पाण्यावरच राहणार का तुम्ही? एका घरात संत तरी किती असावेत!"

हिल्डा कौतुकानेच बोलली होती. पण ती फाटकाबाहेर जाईपर्यंत लुसी पातेल्यासमोरून हलली नाही.

जानेवारीत मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं : रोज सुई, गोड बंद, रोज दोन मैल चालणं. आणि सुईनंतर पोटात कमी गेलं, हात थरथरले, घाम फुटला, तर मात्र ताबडतोब साखर. उशीर झाला तर मूल हाताला लागणार नाही. लुसीच्या नवऱ्याने, सिप्रियनने, हे डॉक्टरांकडून दोनदा वदवून घेतलं. जी वस्तू बंद करायची तीच औषध म्हणून द्यायची, हे त्याच्या कारकुनी डोक्यात बसेना. परत येताना दोघांनी ठरवलं, गावात कुणाला कळू द्यायचं नाही. रोझलिनच्या पाठीवर धाकटी रेजिना होती. त्या घरात एक मुलगी सुईवर जगते म्हटल्यावर उद्या दोघींच्याही लग्नाची बोलणी फाटकावरूनच परत गेली असती.

पण मुलीने गोड नाकारलं की लोक कारण विचारतात. लुसीकडची कारणं संपत आली होती, तेवढ्यात ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ आला. त्याच्या पहिल्याच दिवशी, राखेच्या बुधवारी, तिने हिल्डाला सांगितलं, की रोझलिनने ईस्टरपर्यंत गोड सोडलंय. हिल्डाने फादरना सांगितलं. फादरनी रविवारच्या प्रवचनात सांगितलं. पुढच्या रविवारी साठ मुलांनी गोड सोडतो म्हणून नावं दिली. रोझलिन रोज चालत चर्चला जाऊन येई. डॉक्टरांचे ते दोन मैलही भक्तीच्या खात्यात जमा झाले. घरोघर रेशनची साखर महिनाअखेरीपर्यंत पुरू लागली, तेव्हा तर आयांना तिच्या संतपणाबद्दल काही शंकाच उरली नाही.

ईस्टरनंतर काय, हे लुसीने अजून ठरवलं नव्हतं.

दुपारी सगळ्यांनी पेज घेतली. रोझलिनने निम्मी वाटी ठेवली. आज सगळेच उपाशी असतात ना, असं तिने विचारलं. लुसीने खा म्हणायला हवं होतं. तिने वाटी उचलली. साडी बदलताना तिच्या हाताला पदराची गाठ लागली. जानेवारीपासून त्या गाठीत खडीसाखरेचे दोन खडे असत. क्रुसामागून आज साखर बांधून चालायचं? तिने गाठ सोडली आणि खडे फळीवर ठेवले. दोन तासांचाच तर प्रश्न होता.

क्रुसाची वाट तीन वाजता निघाली. सगळ्यांत पुढे रोझलिन, हातात उशी, उशीवर मुकुट. मागे साठ मुलं, मग फादर, मग गाव. केळीच्या वाड्यांमधून, तापलेल्या मातीवरून लोक येशूच्या शेवटच्या प्रवासातल्या चौदा स्थानांपैकी एकेकापाशी थांबत होते. आज फादरना प्रत्येक ठिकाणी काहीतरी जास्तीचं सुचत होतं. चौथ्या स्थानाशी त्यांनी आजाऱ्यांसाठी प्रार्थना केली, पाचव्याशी पावसासाठी, सहाव्याशी आगाशीच्या रस्त्यासाठी. रस्त्याच्या प्रार्थनेला सगळ्यांत जास्त वेळ लागला.

सातव्या स्थानाला पोचायच्या आधी लुसीला मुकुट हललेला दिसला. वारा नव्हता. उशीच थरथरत होती.

"बघ, पोरीला किती भरून आलंय," हिल्डा तिच्या कानाशी पुटपुटली.

रोझलिनच्या मानेवरून घाम ओघळत होता. लुसी माणसांमधून वाट काढत पुढे सरकली. येशू दुसऱ्यांदा पडतो ते सातवं स्थान. फादरनी पुस्तक उघडलं आणि तेवढ्यात रोझलिन गुडघ्यांवर बसली. तिच्या मागची मुलं बसली. मग फादर बसले, आणि अख्खा गाव धुळीत गुडघे टेकून बसला. उभी राहिली ती एकटी लुसी.

तिने धावत जाऊन मुलीला धरलं. अंग बर्फासारखं गार होतं. डोळे उघडे होते, पण कुठे पाहत होते ते कळत नव्हतं. घर मैलभर मागे राहिलं होतं.

"कुणाकडे गोड गोळी आहे का?" लुसीने विचारलं.



"लुसी, आज?" हिल्डा म्हणाली.

"तिला साखरेचा आजार आहे. जानेवारीपासून रोज सुई देते मी. आत्ता गोड मिळालं नाही तर जाईल ती."

आवाज फार मोठा नव्हता. पण घंटाही न वाजण्याचा दिवस तो. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

लुसी मुलांकडे पाहत राहिली. मुलं एकमेकांकडे पाहत राहिली. मग हिल्डाच्या बेसिलने आईकडे न बघता चड्डीच्या खिशात हात घातला आणि एक लिमलेटची गोळी बाहेर काढली. तिला खिशातला कापूस चिकटला होता.

लुसीने गोळी स्वतःच्या दातांखाली फोडली आणि चुरा मुलीच्या गालात भरला. तोवर दुसरा हात पुढे आला होता. मग तिसरा. संत्र्याच्या फोडीसारख्या गोळ्या आल्या. चिक्कीचा तुकडा आला. निम्मी चोखून पुन्हा कागदात गुंडाळलेली एक पेपरमिंट आली. लहानग्या जॉनने दोन्ही खिसे रिकामे केले आणि मोज्यातूनही एक काढली. लुसीची ओटी भरली.

शेवटी एक मोठा हात आला. त्यात झाकण उघडलेली पेपरमिंटची चपटी डबी होती.

"घशासाठी असते," फादर गॅब्रिएल म्हणाले. त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

लुसी गोळ्या फोडत राहिली. गुडघ्यांवरून कुणी उठलं नाही. हिल्डाने रोझलिनचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि डोक्यावरच्या काळ्या रुमालाने ती मुलीला वारा घालत होती.

"अडीच महिने एकटीच टोचत होतीस?" तिने खालच्या आवाजात विचारलं.

लुसीने मान डोलावली. मग रोझलिनचा घसा हलला. तिने गिळलं. पुन्हा गिळलं. हळूहळू डोळे लुसीवर येऊन थांबले. तिने जीभ गालात फिरवली आणि तिचा चेहरा एकदम उतरला.

"फादर," ती म्हणाली, "उपवास मोडला."

फादरनी हातातल्या डबीकडे पाहिलं. लुसीच्या ओटीतल्या ढिगाकडे पाहिलं. मग धुळीत बोटांनी रेघा ओढत बसलेल्या साठ मुलांवरून त्यांनी सावकाश नजर फिरवली.

"कुणाकुणाचा?" त्यांनी विचारलं.