पदर डाव्या खांद्यावर

“कुठं भाजलंय?” खिडकीतल्या मुलीनं विचारलं.

“कुणाला?”

“तुम्हालाच की. इरावतीबाई तुम्हीच न्हवं? भाजल्याची केस म्हणून नंबर लावलाय.”

मी मागं वळून नवऱ्याकडं पाहिलं. दत्तप्रसाद भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते. संपत आलेला महिना इतक्या मन लावून वाचणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. मी बाकावर येऊन बसले. माझ्या एका बाजूला फौंड्रीतला पोरगा होता, कोपरापर्यंत पट्टी बांधलेला. दुसऱ्या बाजूला स्टोव्हचा भडका उडून हनुवटी गळ्याला चिकटलेली बाई. मधे मी, धडधाकट कातडीची. ती बाई माझ्याकडं पाहत होती आणि हिला नेमकं कुठं भाजलंय, ते शोधत होती.

“अहो, काय सांगून ठेवलंय तुम्ही?”

“मग काय सांगू?” ते कुजबुजले. “दोस्ताला, आकारामला म्हटलं, चांगला प्लास्टिक सर्जन सांग. तो म्हटला, कशाला? तालमीत सगळी बसलेली. भाजलंय म्हणून सांगितलं की.”

दोन वर्षांपूर्वी कॅन्सरनं माझा डावा स्तन गेला. हा शब्द मी इथं लिहिते आहे, पण आमच्या घरात तो कुणीही कधी उच्चारला नाही. होती तोवर ‘ती गाठ’, मग ‘ते ऑपरेशन’, आणि आता नुसतं ‘तिथलं’. तो परत घडवता येतो हे मी एका मासिकात वाचलं आणि महिनाभर मनात घोळवून नवऱ्याला सांगितलं. ते म्हणाले, “आता कशाला? जीव वाचला न्हवं?” सगळे हेच म्हणत. जसं काही माझा जीव वाचल्याची बातमी मला कळवायची राहूनच गेली होती!

मी महाद्वार रोडवर तात्यांच्या साडीच्या दुकानात काम करते. लग्नाचा बस्ता असला की पुढच्या गादीवर मीच. साडी घडीत कळत नाही, अंगावर कळते, असं तात्यांचं म्हणणं. त्यामुळं स्वतःच्या अंगावर निऱ्या खोचून, पदर खांद्यावर टाकून दाखवायचं काम माझं. पदर पडतो डाव्या खांद्यावर, आणि गेलेलंही डावंच. ऑपरेशननंतर मी अस्तराच्या चिंध्या भरून एक उशी शिवली आणि ब्लाऊजच्या आत ठेवू लागले. एका बस्त्याच्या वेळी वरच्या फळीवरची साडी काढायला हात उंचावला आणि ती उशी सरकून गळ्यापाशी आली. नवरीची मावशी हसली असती तरी चाललं असतं. तिनं घाईघाईनं दुसरीकडं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी तात्या म्हणाले, “इरावती, तू मागं फॉल-बिडिंगला बस आता. उगं दगदग नको तुला.” तात्या वाईट माणूस नाही. म्हणूनच तर भांडता येईना. पण मागच्या खोलीत फॉल शिवताना पुढच्या गादीवर नवी पोरगी पदर कसातरी फेकते आहे हे ऐकू यायचं आणि माझं डोकं फिरायचं. मला माझी छाती परत हवी होती आणि माझी गादीही. दोन्हीबद्दल बोलायची चोरी होती.

भाजलेल्यांचे डॉक्टर म्हातारे होते. खरा प्रकार कळल्यावर खो खो हसले आणि मग खुर्ची पुढं ओढून बसले.

“हे काम मी करतो म्हटलं तर ते खोटं होईल,” ते म्हणाले. “मी हात, माना, चेहरे करतो. हे उभ्या आयुष्यात दोन-तीनदा केलं, ते मलाच आवडलं नाही. मिरजेला एक आहेत, ते नेहमी करतात. पण कुणाकडंही गेलात तरी विचारा. तुम्ही स्वतः किती केलीत? त्यांचे फोटो दाखवा. झालेल्या एखाद्या बाईशी बोलू द्या. आणि जो चिडेल, त्याच्याकडं परत जाऊ नका.”

बाहेर आल्यावर दत्तप्रसाद म्हणाले, “मिरज? तिथं आपल्या ओळखीचं कोण हाय?”

संपलं! आमच्याकडं ओळखीशिवाय कोणी पंखासुद्धा दुरुस्तीला टाकत नाही. आणि ह्या कामासाठी ओळख काढायची, तर काय झालंय ते सांगावं लागणार. ते तर सांगायचं नाही. मग डॉक्टर सापडणार कसा? मी चिडून विचारलं तर म्हणाले, “प्रमोदिनी बघतो म्हणलीया.”

प्रमोदिनी माझी नणंद. प्राथमिक शाळेत शिक्षिका. आवाज वर्गाच्या मापाचा, तो घरीही कमी होत नाही. तिच्या दिराच्या मुलीचं नाक कुणा डॉक्टरनं लग्नाआधी सरळ करून दिलं होतं.

“मी येतो की संगं,” ती म्हणाली. “तुमा दोघांस्नी बोलाय येतंय व्हय?”

त्या डॉक्टरचा नव्या इमारतीत काचेचा दवाखाना होता. डॉक्टर तरुण, गोरेपान, गोडबोले. टेबलाच्या एका बाजूला ते आणि दुसऱ्या बाजूला आम्ही तिघं. मधे मी. बसता क्षणीच मला ते चित्र ओळखीचं वाटलं. बस्त्याला आठ-दहा माणसं येतात. मामा काठ बघतो, आत्या रंग बघते, सासू जरीची तार खरी की खोटी ते नखानं खरवडून बघते. मधे नवरी बसलेली असते. तिला कुणी काही विचारत नाही, आणि चुकून विचारलंच तर ती आईकडं बघते. कित्येक वर्षं मी ह्या नवऱ्या मुलींना साड्या अंगावर लावून दाखवल्या आणि मनातून चिडले, की अगं बोल की काहीतरी, मेले!

“काळजीच करू नका साहेब,” डॉक्टर दत्तप्रसादना म्हणाले. “एकदम नॅचरल करून देऊ. पोटाची चरबी आणि कातडी वर आणायची. नाहीतर मग सिलिकॉनची पिशवी बसवू. मिस्टरांना साईज काय अपेक्षित आहे?”

मिस्टरांनी इथंही कॅलेंडर शोधलं. इथं नव्हतं.

“पोटाची चरबी?” प्रमोदिनी पुढं सरकली. “म्हंजी पोट बी कमी हुतंय?”

“अर्थात! एकात दोन कामं.”

“अगं बाई! मग करूनच टाक की इरा. माझं नुसतं पोटच केलं तर चालंल का हो डॉक्टर?”

सगळे हसले. मला रडू यावं की राग यावा ते कळेना, पण राग आधी आला.

“डॉक्टर,” मी म्हणाले, “तुम्ही स्वतः अशी किती ऑपरेशनं केलीत?”

त्यांनी प्रथमच माझ्याकडं पाहिलं. मग गुळगुळीत कागदाचा अल्बम पुढं सरकवला. सगळ्या गोऱ्या परदेशी बायका.

“ह्या तुमच्याच पेशंट?”

“हे फक्त कल्पना यावी म्हणून. कंपनीचं असतं ते.”

“तुमच्या हातची एखादी दाखवा की. नायतर एखाद्या बाईशी बोलायला मिळालं तरी चालेल.”

“हे बघा ताई,” आवाजातला गोडवा गेला. “डॉक्टरवर विश्वास असावा लागतो. हा काही बाजार नाही.”

मी उठले. बाजार म्हणजे काय ते मला माहीत आहे. बाजारात आम्ही निदान घडी मोडून दाखवतो.

रिक्षात प्रमोदिनी बोलायची थांबत नव्हती. “माझं नाक कापलंस की गं. एवढ्या मोठ्या डॉक्टरास्नी असं इचारत्यात व्हय? ह्या वयात हिला कुठं मिरवाय जायाचंय!” दत्तप्रसाद गप्प होते. ते गप्प बसले की मला जास्त राग येतो, कारण भांडण एकटीलाच करावं लागतं.

तीन दिवस मी घरात कुणाशी धड बोलले नाही. चौथ्या दिवशी सांगितलं, “मी मिरजेला निघालेय. यायचं तर या.” दत्तप्रसादनी चपला घातल्या.

मिरजेचे डॉक्टर बुटके, सर्दीनं नाक लाल झालेले. टेबलावर चहाचा गार झालेला कप. त्यांनी तपासलं, कातडी चिमटीत धरून पाहिली आणि मला विचारलं, “काम काय करता?” मी सांगितलं. “पदर कुठल्या खांद्यावर असतो?”

“डाव्या.”

“अरे,” ते म्हणाले. आजवर माझ्या ऑपरेशनवर एवढं योग्य कुणीच बोललं नव्हतं.

मग त्यांनी सरळ सांगितलं. किरणांचा शेक दिल्यानं तिथली कातडी कडक झाली आहे, पिशवी टिकणार नाही. पोटावर बाळंतपणाच्या ऑपरेशनचे टाके आहेत, त्यात धोका आहे. पाठीचं मांस आणि कातडी फिरवून पुढं आणता येईल. “साडीत चांगलं दिसेल. साडीशिवाय उजव्यासारखा दिसणार नाही. स्तनाचा आकार येईल, संवेदना येणार नाही.” तो शब्द त्यांनी हात किंवा पाय म्हणावं तसा म्हटला. दत्तप्रसाद खुर्चीत चुळबुळले.

मी माझे प्रश्न विचारले. ते चिडले नाहीत. त्यांनी फोटो दाखवले, त्यात आपल्याच बायका होत्या. चेहरा न दिसणाऱ्या, गळ्यात काळी पोत असलेल्या. दोन नीट जमलेले, एक नीट न जमलेला. तोही दाखवला. मग फोन लावून माझ्या हातात दिला. “कबनूरच्या बायडाबाई. बोला.”

“कोण? डाक्टरांकडनं व्हय?” मागं यंत्रमागांची खडखड चालली होती. “इचार की बाई.”

“कसं वाटतं?”

“गार लागतंय. थंडीत तर लईच. चिमटा काढला तरी कळत न्हाय. पाठीवर ही मोठी रेघ हाय, मागाच्या कांड्या भरताना वडतीया. आपलं हाय, पर आपलं न्हाय.” खडखड जरा लांब गेली, ती दाराबाहेर आली असावी. “पर एक सांगू? आदी मी दिवा बंद करून आंघुळ करायची. आता करत न्हाय.”

मी दोन वर्षं दिवा बंद करूनच आंघोळ करत होते. हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं.

मी फोन ठेवला तेव्हा डॉक्टर नाक पुसत होते. “आता सांगा, तुम्हाला काय हवंय?”

“आमाला असं वाटतंय की...” दत्तप्रसादनी सुरुवात केली.

“त्यांना विचारतोय.”

एवढे दिवस मी ह्याच प्रश्नासाठी भांडत होते. आणि तो समोर येऊन बसला, तेव्हा माझे डोळे आपोआप नवऱ्याकडं वळले. बस्त्यातल्या त्या मुलीच बऱ्या, त्या निदान विशीतल्या असतात. स्वतःचाच इतका राग आला!

“विचार करून सांगते,” मी म्हणाले.

दुकानात हे वाक्य आम्ही रोज ऐकतो. ते म्हणणारं गिऱ्हाईक पायरी उतरलं की आम्ही साड्यांच्या घड्या घालायला घेतो. डॉक्टर मात्र म्हणाले, “सांगा. घाई नाही. मी इथंच आहे.”

एस्टी अंकलीच्या पुलापाशी आली. दत्तप्रसाद एकदम फुटले. “तीन डॉक्टर झाले! आता ह्यो चांगला हाय तर हितंबी इचार करती? काय पायजे तरी काय तुला?”

“तुम्हाला काय पाहिजे, ते तरी कधी बोललात?”

ते खिडकीबाहेर पाहत राहिले. पूल गेला, उसाची शेतं सुरू झाली. “मला काय बी नको,” ते हळू म्हणाले. “तू परत त्या खाटंवर निजायचं, आन् मी परत भाईर बसायचं. दार उघडलं की आता काय सांगत्यात म्हणून उठून उभं ऱ्हायाचं. मला न्हाय जमत गं ते. म्हणून कुणाला सांगत नव्हतो. लाज न्हवती ती. थोडी हुती, पर सगळी लाज न्हवती.”

वीस वर्षांच्या संसारात हा माणूस एका दमात इतकं बोलला नव्हता. मला त्यांचा हात धरावासा वाटला. राग अजून उतरला नव्हता, तरी धरला.

दुसऱ्या दिवशी मी चिंध्यांची उशी घरी ठेवली आणि दुकानात जाऊन थेट पुढच्या गादीवर बसले. मिरजेला जायचं की नाही ते अजून ठरलं नव्हतं. जायचं तर तिथंच जायचं आणि ठरवणार मी, एवढं ठरलं होतं.

तात्या जवळ आले. “इरावती, मागं...”

“मागं त्या पोरीला बसवा. तिची शिवण बरी हाय. पदर येत न्हाय तिला.”

ते काही बोलणार तोच बावड्याहून बस्ता आला. नऊ माणसं, मधे नवरी, नाव अक्षता. मामीला डाळिंबी हवी, आत्याला मोरपंखी. पोरगी पायाच्या अंगठ्यानं गादी टोकरत होती. मी मोरपंखी शालू घेतला, निऱ्या खोचल्या आणि पदर माझ्या डाव्या खांद्यावर टाकला. तो वरून खाली सपाट उतरला. मामीनं पाहिलं, आत्यानं पाहिलं, दोघींनी एकदमच जरीचा काठ बघायला घेतला. मी पदर सारखा केला नाही.

“अक्षता,” मी विचारलं, “तुला कुठली पाहिजे?”

तिनं आईकडं पाहिलं. आई म्हणाली, “तिला काय कळतंय? मोरपंखीच द्या.”

“तिला इचारतेय मी.”

तात्यांनी कपाळाला हात लावला. नवरीनं वर पाहिलं. माझ्या तोंडाकडं, मग पदराकडं, आणि तिथून नजर काढली नाही.

“विचार करून सांगते,” ती म्हणाली.

मामी फिस्सकन हसली. सवयीनं नव्या पोरीनं साड्यांच्या घड्या घालायला घेतल्या. मी तिच्या हातावर हात ठेवला.

“सांग,” मी अक्षताला म्हणाले. “घाई न्हाय. मी हितंच हाय.”

आणि मी तो मोरपंखी पदर तसाच खांद्यावर घेऊन तिच्यासमोर उभी राहिले.